विषाच्या मागावर निघालेली विमल

गुरुवारची सकाळ. धुळ्याच्या स्टँडवर जळगावची गाडी लागली होती. माझा एक पाय पायरीवर, दुसरा अजून खालीच, आणि पिशवीतला फोन वाजला. विमलच्या भाचीचा, प्रज्ञाचा फोन. "कांतामावशी, आत्या गेली गं. सात वाजता गोळी घेतली, खिडकीपाशी खुर्चीत जाऊन बसली आणि... मी इकडं पोळ्या लाटत होते, मला कळलंसुद्धा नाही." मागच्या माणसानं "बाई, चढा ना" म्हणून ढकललं तशी मी चढले. दर गुरुवारी मी विमलकडे जायचेच, त्या गुरुवारीही गेले, एवढंच. पण खरं सांगते, पारोळा येईपर्यंत माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. विमलचं एकेक आठवत होतं आणि मला हसू येत होतं. कंडक्टरनं दोनदा वळून पाहिलं. त्याला काय सांगणार, की जिला निरोप द्यायला मी निघाले आहे, तिनं चाळीस वर्षांत मला एकदाही कंटाळू दिलं नव्हतं!

डॉ. विमल तायडे हे नाव खानदेशातल्या फार्मसीच्या बऱ्याच विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. औषधं आणि विषं आपल्या मेंदूवर, नसांवर काय करतात, याचा तिनं जन्मभर अभ्यास केला. न्यूरोफार्माकॉलॉजी आणि टॉक्सिकॉलॉजी, अशी तिच्या विषयांची जड नावं. ती स्वतः मात्र म्हणायची, "अगं, औषध आणि विष एकाच घरातल्या दोघी बहिणी. कोणती दारात आली ते फक्त मापावरून ओळखायचं." हे सांगताना ती खुर्चीतून अर्धी उठलेली असायची. बसून बोलणं तिला जमायचंच नाही.

विमल वरणगावची. वडील तिथल्या फॅक्टरीत कामगार, आई घरी शिलाई करायची. मी धुळ्याच्या एका मारवाडी जैन घरातली, आमचं धान्याचं दुकान. एकीच्या घरी भिंतीवर बाबासाहेब, दुसरीच्या घरी महावीर, आणि दोघी एकाच वर्षी धुळ्याच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवायला लागलो. मी औषधी वनस्पती शिकवायचे, ती औषधांचं कार्य. हैदराबादला पीएच.डी. करून ती नुकतीच परतली होती. तिथंच मोठ्या प्रयोगशाळेत तिला जागा मिळत होती, ती सोडून ती धुळ्याला का आली, हे स्टाफरूममध्ये कुणालाच समजत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी सरळ विचारलं. म्हणाली, "विष सगळं इथं आहे कांता. मग विषाची शाळा तिकडं कशाला?"

त्यामागची गोष्ट तिनं पुढे कधीतरी सांगितली. तिचा मामा सावद्याला केळीच्या बागांमध्ये मजुरीला जायचा. विमल कॉलेजात असताना एकदा फवारणी करता करता त्याला विषबाधा झाली. तोंडातून लाळ, अंगाला दरदरून घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. दवाखान्यात अॅट्रोपिनची इंजेक्शनं दिली आणि मामा वाचला. घरी पेढे वाटले. तीन आठवड्यांनी मामा वरणगावला आला तेव्हा चालता चालता त्याची चप्पल सारखी पायातून निसटून मागे राहत होती. घरातली माणसं चेष्टा करत होती, "मामा, चप्पल म्हणते मी नाही येत!" मामाही हसत होता. विमल मात्र हसली नाही. तिनं त्याला अंगणात दहा वेळा चालायला लावलं. त्याचा पाय घोट्यातून उचललाच जात नव्हता. मामाला घेऊन ती पुन्हा दवाखान्यात गेली, तर तिथं म्हणाले, विष तर कधीच उतरलं, आता अशक्तपणा असेल. "उतरलं, तर मग पाय कुणी धरलाय?" हा प्रश्न त्या विशीतल्या मुलीनं डॉक्टरला विचारला, आणि पुढची कितीतरी वर्षं ती त्याचं उत्तर शोधत राहिली. मामा पुन्हा कधी नीट चालला नाही.

काही कीटकनाशकांचा हा दुसरा फटका असतो. पहिल्या विषबाधेतून माणूस सुटतो, घरी जातो आणि दोन-तीन आठवड्यांनी त्याच्या पायांच्या लांब नसा टोकाकडून वाळू लागतात. उंदरात हे नीट दिसत नाही, कोंबडीत दिसतं. म्हणून विमलनं कॉलेजच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत कोंबड्या पाळल्या. कुठली कोंबडी कशी चालते, शिडीवर कशी चढते, पंख कधी पसरते, सगळं ती रोज लिहून ठेवायची. तिची आई एकदा धुळ्याला आली तेव्हा खोलीत डोकावून म्हणाली, "इमल, तुह्या कोंबड्या अंडे बी देतात का नुसत्या चालूनच दाखवतात?" आम्ही पोट धरून हसलो.

पण त्या कोंबड्यांवरून आमचं भांडणही झालं, आणि साधंसुधं नाही. मी जैन घरातली. प्रयोग संपला की त्या जिवांचं काय होतं, ते मला कळलं त्या दिवशी मी तिच्याशी बोलायची थांबले. आठवडाभर अबोला. शेवटी मीच म्हणाले, "विमल, तू जीव घेतेस." मला वाटलं, ती वाद घालेल, माणसांच्या भल्याचं सांगेल. ती खाली बसली, हो, चक्क बसली, आणि म्हणाली, "घेते. आणि दरवेळी हात धुताना मला ते आठवतं. सात पुरत असतील तर मी आठवी आणत नाही. याच्यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही गं." मी त्या खोलीत कधीच पाऊल ठेवलं नाही आणि तिनंही कधी ये म्हटलं नाही. पुढे जेव्हा काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर तेच प्रयोग करता यायला लागले, तेव्हा ती धापा टाकत माझ्या वर्गाच्या दारात आली, "कांता, कोंबड्या बंद!" वर्गातली पोरं बघतच राहिली.

आता ती पिंपळनेरची गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय विमल कळायची नाही.

तेव्हा दर शनिवारी विमल पिंपळनेरकडच्या एका लहान दवाखान्यात जायची. फवारणीचे रुग्ण आले की त्यांच्या रक्ताचे नमुने घ्यायची. मीही तिच्याबरोबर जायचे, कारण तिथल्या डोंगरांत मला वनस्पती मिळायच्या. एका शनिवारी दुपारी आम्ही डबा उघडून बसलो होतो, एवढ्यात ट्रॅक्टरची ट्रॉली दवाखान्याच्या दारात येऊन थांबली. ट्रॉलीत दहा-बारा माणसं. कुणी बडबडत होतं, कुणी हवेतून काहीतरी वेचत होतं. एक म्हातारे बाबा नसलेल्या बैलाला नसलेल्या दावणीला बांधत होते, आणि बैल ऐकत नाही म्हणून चिडत होते. गावात साखरपुडा होता, जेवणं झाली आणि तासा-दीड तासात हे सुरू झालं. सोबत आलेल्या एकानं सांगितलं, "फवारणीचं औषध पडलं असेल जेवणात. गावातल्या कंपाउंडरनं एकाला इंजेक्शन पण दिलंय."

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, भले होते, पण एकटेच होते. त्या महिन्यात त्यांनी फवारणीचेच रुग्ण बघितले होते. त्यांनी भराभर अॅट्रोपिन काढायला सांगितलं. विमल एका बाईवर वाकली होती. तिनं तिच्या पापण्या वर केल्या, मग शेजारच्या माणसाच्या, मग तिसऱ्याच्या. आणि एकदम ओरडली, "थांबा! डॉक्टर, अॅट्रोपिन देऊ नका!"

"मॅडम, वेळ नाहीये."

"यांच्या बाहुल्या बघा. केवढ्या मोठ्या आहेत!"

"त्यांना गावात हेच इंजेक्शन दिलंय ना. त्यानं होतात मोठ्या."

"किती जणांना दिलंय?"

डॉक्टरांनी सोबतच्या माणसाकडे पाहिलं. तो म्हणाला, "एकालाच. कंपाउंडरकडे एकच होतं."

"मग बाकीच्यांच्या बाहुल्या कुणी मोठ्या केल्या?" विमलनं विचारलं. "आणि हात लावून बघा, कातडी कोरडी आहे. तोंडात थुंकी नाही. घाम कुठाय? लाळ कुठाय? डॉक्टर, यांच्या पोटात आधीच अॅट्रोपिन आहे. तेच आणखी दिलंत तर काय होईल?"

डॉक्टरांचा सुई धरलेला हात खाली आला. त्यांनी स्वतः दोन-तीन जणांचे डोळे पाहिले, कपाळावर हात ठेवला, आणि म्हणाले, "धोतरा!" विमल म्हणाली, "धोतरा. त्यातही अॅट्रोपिनच." दोघं एकमेकांकडे बघून क्षणभर हसले. दुसरं कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, ही काय हसायची वेळ आहे! पण उत्तर सापडल्याचा तो आनंद होता, आणि उत्तर सापडलं म्हणजे माणसं वाचणार होती. मग पोटं धुतली, सलाईन लावली, खिडक्यांवर चादरी टांगून खोलीत अंधार केला. मी बैलवाल्या बाबांचा हात धरून बसले आणि बैल बांधला, आता आराम करा, असं त्यांना पन्नासदा सांगितलं. दुसऱ्या दिवसापर्यंत सगळी माणसं शुद्धीवर आली. एकही दगावलं नाही.

पण त्या दुपारी खरी भीती वेगळीच होती. ट्रॉलीबरोबर आलेल्या माणसानं विमलला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, हाई अन्न-बिन्न काही नही. भुरीबाईनी करणी शे. भाकरी तिनीच करेल व्हत्यात, बठ्ठास्नी खाद्यात, आनि ती एकलीच चांगली शे." भुरीबाई गावातली विधवा. तिच्या हातच्या भाकरी सगळ्यांनी खाल्ल्या आणि ती एकटीच बरी, म्हणून करणीचा आळ तिच्यावर. तिला घरात कोंडून ठेवलं होतं, आणि संध्याकाळी लोक जमणार होते. विमलनं डबा तसाच बंद केला आणि त्याच ट्रॅक्टरवर चढली. मागून मीही चढले. मनात नवकार मंत्र चालू होता, दुसरं काही सुचत नव्हतं.

ऊन कलायच्या आत आम्ही गावात पोहोचलो. भुरीबाईच्या दारासमोर पन्नासेक माणसं होती. विमल थेट दारापाशी गेली, कडी काढली. आत ती बाई भिंतीला टेकून बसली होती. "मन्ही काय चूक शे, ताई?" एवढंच म्हणाली. विमलनं तिला विचारलं, "तुम्ही जेवल्या नाहीत का?" ती म्हणाली, "मना उपास व्हता." विमल बाहेर ओट्यावर आली आणि मोठ्यानं म्हणाली, "ऐकलंत? हिचा उपास होता. हिनं भाकरी खाल्ली नाही, म्हणून ही बरी आहे. आणखी कोण कोण भाकरी न खाता नुसता भात खाऊन उठलं?" गर्दीतून दोन हात वर झाले. "तुम्हाला काही झालं?" नाही झालं. "कांता, बाजरी बघ!"

मी धान्याच्या दुकानात वाढलेली. बाबूजी आम्हा भावंडांना परातीत धान्य द्यायचे आणि त्यातलं काय परकं आहे ते ओळखायला लावायचे. भुरीबाईच्या कोठीतली बाजरी मी सुपात घेतली, पाखडली, आणि दोन मिनिटांत माझ्या तळहातावर त्या बिया आल्या. चपट्या, मळकट तपकिरी, मिरचीच्या बियांसारख्या, पण जाड आणि कानाच्या आकाराच्या. बाजरी खळ्यावर आली तेव्हा बांधावरचा धोतराही तिच्यात मळला गेला होता. मी बिया सगळ्यांना दाखवल्या. गावातले मोठे आबा काठी टेकत पुढे आले, बिया पाहिल्या, पण त्यांची खात्री पटेना. तेवढ्यात विमलचं लक्ष गल्लीत गेलं. एक कुत्रं तिथं भेलकांडत होतं, भिंतीवर आपटत होतं. "आबा, या कुत्र्यानं काय खाल्लं?" कुणीतरी म्हणालं, उष्ट्या भाकरी. "मग त्याच्यावर करणी कशाला करेल कुणी? त्याचं भुरीबाईशी काय वाकडं आहे?"

गर्दीत एक जण फिस्सकन हसला. मग दुसरा. आबा मात्र हसले नाहीत. विमल दाराकडे वळली, "भुरीबाई, चहा ठेवा. आमचं जेवण राहिलंय." कप पुढे करताना त्या बाईनं अर्धा चहा बशीत सांडला. विमलनं बशीतला आधी प्यायला, मग कपातला, सगळ्यांच्या देखत, फुर्र आवाज करत. मग मी प्यायले. आणि मग आबा ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "भुरी, माले बी दे वं."

परतीच्या गाडीत विमल मुळी थांबेचना! "अगं, एकाच रासायनिक कुलपाच्या दोन किल्ल्या! फवारणीचं विष एकीकडे फिरवतं, धोतरा दुसरीकडे. म्हणून तर एक दुसऱ्याचं औषध होतं. काय सुंदर आहे बघ हे!" मी म्हटलं, "विमल, आज एका बाईचा जीव गेला असता." ती बाहेर बघत म्हणाली, "म्हणूनच सुंदर म्हणते ना..."

त्यानंतर तिनं खूप काम केलं. निबंध छापून आले, काही परतही आले. एका मोठ्या माणसानं, खेड्यात बसून कसलं मेंदूचं संशोधन करता, असं तोंडावर ऐकवलं. त्यावर ती मला म्हणाली, "त्यांना वाटतं, मेंदू फक्त शहरातल्या माणसांना असतो." पण तिला सगळ्यात अभिमान कशाचा होता माहीत आहे? धुळे-जळगावकडच्या काही दवाखान्यांत तिनं खेटे घालून घालून डॉक्टरांना एक ओळ लिहायला लावली. विषबाधेतून बरा झालेला माणूस घरी निघाला की त्याच्या कागदावर खाली लिहायचं, "तीन आठवड्यांनी चप्पल घालून चालून दाखवायला यावे." त्या ओळीमुळे कितीतरी माणसं वेळेवर परत आली, त्यांना व्यायाम, आधाराचे पट्टे मिळाले, त्यांची थट्टा झाली नाही. शास्त्रज्ञ म्हणून तिनं लिहिलेलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच, असं ती म्हणायची.

निवृत्तीनंतर ती जळगावला भावाच्या घरी राहायला गेली. भाऊ-वहिनी पुढे एकामागून एक गेले. मग घरात विमल आणि प्रज्ञा दोघीच. एके दिवशी ती न सांगता धुळ्याला माझ्या दारात उभी. हातात दोन वह्या. एक जुनी, एक नवी. दोन्ही उघडून माझ्यासमोर ठेवल्या. "बघ." जुनं अक्षर टपोरं, नवं मुंगीएवढं, ओळीच्या शेवटी आणखी बारीक होत गेलेलं. "कांता, मला पार्किन्सन झालाय! डॉक्टरांच्या आधी मीच ओळखला!" ती हे अशा आवाजात म्हणाली, की जणू पहिला नंबर आला. मी रडायला लागले. मग ती जवळ आली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा हळू आवाजात बोलली, "सकाळी पोलक्याचं बटण लावता आलं नाही. अर्धा तास. प्रज्ञाला हाक मारायची लाज वाटली... भीती वाटते गं."

पण विमल भीतीजवळ जास्त वेळ बसणारी नव्हती. महिन्याभरात तिनं स्वतःलाच प्रयोगाला लावलं. ज्या गोळीचा रक्तातून मेंदूपर्यंतचा रस्ता ती तीस वर्षं फळ्यावर काढत आली होती, ती गोळी आता तिच्याच पोटात जात होती. काही दिवस गोळी चढायचीच नाही. तिनं शोधून काढलं, वरणबट्टी खाल्ली की असं होतं! डाळीतली प्रथिनं आणि गोळी एकाच दारातून आत जायला धडपडतात आणि गोळी मागे राहते. "हे मी मुलांना परीक्षेत विचारायचे आणि स्वतःच नापास झाले!" तेव्हापासून वरणबट्टी रात्री, गोळी उपाशीपोटी.

परवा तिच्या स्मरणाचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बुद्धवंदना झाली, वरणगावची माणसं आली, तिचे विद्यार्थी आले. सगळे गेल्यावर प्रज्ञानं मला खिडकीजवळच्या टेबलापाशी नेलं. तिथं विमलचं रजिस्टर तसंच उघडं होतं. आजारपणाची शेवटची पाच वर्षं ती त्यात रोज लिहायची. पहिल्या रकान्यात गोळी घेण्याआधी एक ओळ, दुसऱ्यात गोळी घेतल्यावर तासाभरानं एक ओळ; गोळी चढली की अक्षर मोठं यायचं. तिसरा रकाना माझा. दर गुरुवारी मी गेले की चहाच्या आधी पेन हातात द्यायची. "लिही. तू माझी कंट्रोल. तुझं अक्षर बदलत नाही, म्हणून माझं किती बदललं ते कळतं." काय लिहू म्हटलं की म्हणायची, "काहीही लिही, खोटं नको." चौथा रकाना शेऱ्याचा. नोंद नेहमीपेक्षा वेगळी आली, की तिथं कारण लिहायचं, हा तिचा नियम.

त्या गुरुवारच्या ओळीत पहिला रकाना भरलेला होता. अक्षर इतकं बारीक, की मला चष्मा पुसून रजिस्टर डोळ्यांपाशी धरावं लागलं. "आज कांता येणार. तासाभराने मोठं लिहीन." दुसरा रकाना कोरा.

मी खुर्चीत बसले. प्रज्ञानं पेन दिलं. तिसऱ्या रकान्यात मी लिहिलं, "विमल, मी आले." अक्षर वाकडं आलं, बारीक आलं, एक रेघ रकान्याबाहेर गेली. मग नियमाप्रमाणे चौथ्या रकान्यात शेरा लिहिला, "कंट्रोलचा हात थरथरला. कारण ठाऊक आहे."